आधी ताण, मग गंज : अडकलेली कॉइल स्प्रिंग काढण्याचा अनुभव

आयटीआयमधील मोटार मेकॅनिक ट्रेडची दोन वर्षे पूर्ण करून मी रत्नागिरीतील एका गॅरेजमध्ये शिकाऊ म्हणून लागलो, तेव्हा शॉकअपमधून स्प्रिंग उतरवणे मला येते असे मी समजत होतो. आयटीआयच्या कार्यशाळेत ते काम मी अनेकदा केले होते. फक्त तिथला शॉकअप कोरडा, रंगवलेला आणि शेकडो वेळा खोललेला असे. समुद्रकाठच्या गाडीचा शॉकअप तसा नसतो. खारा वारा, पावसाळ्यातील चिखल आणि खालच्या स्प्रिंग-सीटमध्ये, म्हणजे स्प्रिंग टेकते त्या बशीत, साचून राहणारे पाणी यांमुळे स्प्रिंगचा शेवटचा वेढा बशीला असा धरून बसतो की, दोन्ही एकाच लोखंडातून ओतले आहेत असे वाटावे. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. त्यामुळे फटीत तयार झालेला गंज पाचरीसारखे काम करतो.

आपल्याकडील बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. या रचनेत शॉकअप आणि स्प्रिंग एकाच जोडणीत येतात. खाली शॉकअपच्या नळीला वेल्ड केलेली बशी, वर गाडीच्या बॉडीला जोडणारा टॉप माउंट आणि या दोहोंमध्ये कायम दाबलेली स्प्रिंग. आणि हे सगळे शॉकअपमधून वर येणाऱ्या दांड्याच्या टोकावरील एका नटाने धरून ठेवलेले असते. तो नट म्हणजे कुलूप आहे. प्रति मिलिमीटर २० न्यूटन कडकपणाची स्प्रिंग १५० मिलिमीटर दाबली, तर तिचा जोर ३,००० न्यूटन, म्हणजे सुमारे ३०० किलो वजनाइतका होतो आणि तिच्यात २२५ ज्यूल ऊर्जा साठते. ५ किलोचा घण साडेचार मीटरांवरून पडावा, साधारण तेवढी. हा हिशेब मी नंतर वहीत मांडला. आधी मांडला असता तर पुढचा प्रसंग टळला असता.

पहिल्याच महिन्यात माझ्याकडे असा एक स्ट्रट आला. मी कॉम्प्रेसरचे, म्हणजे स्क्रू आवळून स्प्रिंग दाबणाऱ्या अवजाराचे, दोन्ही हुक स्प्रिंगला लावले आणि वेढ्यांवरचे गंजाचे पापुद्रे न खरवडताच एका बाजूचा स्क्रू भराभर आवळत गेलो. स्प्रिंग धनुष्यासारखी बाकली, पापुद्र्यावर बसलेला हुक वेढ्यावरून घसरला आणि दुसऱ्या हुकाच्या दिशेने वळसा घेत थांबला. तो पुरता सुटला नाही हे माझे नशीब. मिस्त्रींनी ओरडण्याऐवजी मला दोन पावले मागे यायला सांगितले, दोन्ही स्क्रू सावकाश सैल केले आणि हातात वायर ब्रश दिला. त्या दिवशी उरलेला वेळ मी फक्त वेढे साफ करत होतो.

त्यानंतर त्यांनी जे शिकवले ते एवढेच की, स्प्रिंगचा ताण आणि गंजाची पकड हे दोन वेगळे शत्रू आहेत, त्यांच्याशी एकाच वेळी लढायचे नाही. नवशिक्याला बशीत अडकलेला वेढा दिसतो आणि तो दाबलेल्या स्प्रिंगवरच छन्नी-हातोडा चालवू लागतो. प्रत्यक्षात अडकलेला वेढा शेवटपर्यंत अडकलेलाच राहिला तरी बिघडत नाही. आधी वरची बाजू मोकळी करून ताण संपवावा, मग खालचा गंज आपलाच आहे.

स्ट्रट गाडीतून उतरवण्याचे काम मॅन्युअलप्रमाणे करावे. त्यात सांगण्यासारख्या गोष्टी तीनच आहेत. गाडी केवळ जॅकवर न ठेवता स्टँडवर घ्यावी, नकलला (चाकाचा हब धरणाऱ्या भागाला) जोडणाऱ्या दोन बोल्टांची मूळ जागा खुणावून ठेवावी आणि नकलचे वजन ब्रेकच्या होजवर येऊ देऊ नये. वरच्या नटावर मात्र आदल्या संध्याकाळीच गंज सैल करणारे तेल मारून ठेवावे.

वाइसमध्ये स्ट्रट धरल्यावर हुक समोरासमोर, जितके वेढे पकडता येतील तितके पकडून लावावेत, कॉम्प्रेसरच्या आट्यांना ग्रीस द्यावे आणि दोन्ही स्क्रू आळीपाळीने दोन-दोन फेरे हातानेच आवळावेत. इथे गंजलेल्या स्ट्रटचा खरा धोका येतो. एरवी ताण उतरला की नाही हे पाहण्यासाठी आपण स्प्रिंग हाताने फिरवून पाहतो. बशीला चिकटलेली स्प्रिंग ताण उतरल्यावरही फिरत नाही. म्हणून घाबरून माणूस आणखी आवळत बसतो, किंवा उलट, न फिरण्याची सवय होऊन तपासणीच सोडून देतो. अशा वेळी वर पाहावे. वरच्या सीट आणि स्प्रिंग यांच्यामध्ये सगळीकडून चार-पाच मिलिमीटरची स्वच्छ फट दिसली पाहिजे. ती दिसेपर्यंत नटाला पाना लावू नये.

नटाबरोबर दांडाही फिरू लागला तर टोकातील खाचेत एलन की धरून रिंग पान्याने नट खोलावा. शॉकअप पुन्हा वापरायचा असल्यास दांड्याचा चकचकीत भाग पकडीने धरू नये, कारण त्यावरचा ओरखडा तेलाचे सील फाडतो. नट निघूनही टॉप माउंट दांड्याला चिकटून राहतो, हे कोकणातल्या गाड्यांत मी वारंवार पाहिले आहे. तो निघत नाही म्हणून कॉम्प्रेसर सैल करणे ही सर्वांत महागडी चूक ठरेल. कॉम्प्रेसर तसाच ठेवून, दांड्याच्या रेषेत न उभे राहता, पुन्हा तेल सोडून माउंटला कडेने हलके ठोके द्यावेत. माउंट निघाल्यावरच स्क्रू आळीपाळीने पूर्ण सोडावेत.

आता स्प्रिंग निर्जीव आहे. बशीतील चिखल खरवडावा, पाण्याची बुजलेली छिद्रे मोकळी करावीत, तेल मुरू द्यावे आणि पितळी ड्रिफ्टने (ठोकण्याच्या बोथट दांडीने) वेढ्याचे टोक बशीतील थांब्यापासून मागे सरकवावे. गॅसची ज्योत मात्र लावू नये : स्प्रिंगच्या पोलादाला दिलेले पाणी, म्हणजे तिचा कणखरपणा, उतरतो, आणि नळीत तेल व बऱ्याचदा दाबाखालचा वायूही असतो. निघालेल्या स्प्रिंगच्या खालच्या वेढ्यावर गंजाचे खड्डे दिसले तर ती परत बसवू नये. तडा तिथूनच जातो. अशा वेळी दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा बदलाव्यात.

घाटावर पाऊण तासात होणारे हे काम इथे माझे अर्धा दिवस घेते. म्हणून गाडी आत घेण्यापूर्वीच मी ग्राहकाला टॉर्चने खालची बशी दाखवतो, वेळ सांगतो आणि नव्या स्प्रिंगांच्या जोडीची किंमत जॉब कार्डावर लिहून त्याची सही घेतो.