ट्रॅक डेला घरची गाडी नेताय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून ट्रॅक डेला, म्हणजे रेसिंगचा ट्रॅक साध्या गाड्यांना खुला असतो त्या दिवशी गाडी पळवायला, जाणारी पोरं आता वाढलीत, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. वेगाची हौस असेल तर ती भागवायची जागा ट्रॅकच. पण दर खेपेला त्याच त्या चुका बघून जीव तुटतो. सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून आता एकदाच सविस्तर लिहितो.

आपल्या भागातल्या माणसाची अडचण म्हणजे ट्रॅक लांब आहे. कोईमतूरचा कारी मोटर स्पीडवे घ्या नाहीतर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला असलेलं मद्रास इंटरनॅशनल सर्किट घ्या, बेळगावातून ८०० किलोमीटरच्या वरच जातं. ट्रेलरवर गाडी नेण्याची ऐपत आपल्यापैकी बहुतेकांची नाही. ज्या गाडीनं दिवसभर वळणं घ्यायची, तिच्यातच बसून चित्रदुर्ग, हुबळी करत घरी यायचं आणि सोमवारी तीच घेऊन बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, उद्यमबागेत, ड्युटीला जायचं. त्यामुळं मी जे सांगतो ते सगळं गाडी धडधाकट परत आणण्याच्या हिशोबानं सांगतो. लॅप टाइमचं, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीला लागणाऱ्या वेळेचं, नंतर बघू.

ब्रेक ऑइल न बदलता जाणं

सगळ्यात मोठी चूक हीच. लोक अलॉय बदलतात, रुंद टायर घालतात, एअर फिल्टर बदलतात, आवाजाचा सायलेन्सर लावतात. ब्रेक ऑइल मात्र शोरूममधून आलं तेच! कंपनीतून आली तशीच गाडी ट्रॅकवर नेताना पहिला रुपया ब्रेक ऑइलवर खर्च व्हायला हवा, दुसरा ब्रेक पॅडवर. इंजिनवर तर एकही नको.

कारण समजून घ्या. ताशी ६० ऐवजी १२० वरून गाडी थांबवली तर वेग दुप्पट झाला, पण ब्रेकमध्ये तयार होणारी उष्णता चौपट. गावात असा ब्रेक दिवसातून एखादा लागतो. कारीसारख्या सव्वादोन किलोमीटरच्या आतल्या, वळणावळणाच्या ट्रॅकवर एका लॅपमध्येच अनेकदा लागतो आणि डिस्कला थंड व्हायला सवडच मिळत नाही. ती उष्णता पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरमधून ऑइलमध्ये उतरते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि जितकं पाणी मुरेल तितकं ते लवकर उकळतं. डॉट ३ दर्जाच्या ऑइलचा उकळबिंदू नवं असताना किमान २०५ अंश, पाणी मुरल्यावर १४०. डॉट ४ चा २३० आणि १५५. उकळलं की नळीत वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पाय खाली जातो आणि गाडी तशीच पळत राहते.

आणि आपला पावसाळा कसला असतो ते सांगायला नको. जून ते सप्टेंबर खानापूर, जांबोटीकडं गाड्या ओल्या हवेतच उभ्या असतात. दर दोन वर्षांनी बदला असं सर्वसाधारणपणे सांगतात. ट्रॅकला जाणाऱ्यानं प्रत्येक पावसाळा संपला की बदलावं, असं माझं ठाम मत आहे.

चेन्नईच्या ट्रॅकवर बघितलेला प्रसंग सांगतो. आपल्याच भागातला मुलगा, १.२ लिटरची हॅचबॅक. गाडी आरशासारखी चकाचक, चारी टायर नवेकोरे. ब्रेक ऑइल चार वर्षांचं. सकाळचं सेशन, म्हणजे ट्रॅकवर उतरायची पाळी, बरं गेलं. जेवणानंतर उन्हात परत उतरला. तिसऱ्या लॅपपासून पेडल थोडं लांब जायला लागलं, हे त्यानंच मागाहून सांगितलं. "एवढा लॅप करून येतो" असं म्हणत तो आत राहिला. सरळ रस्ता संपताना पाय टेकवला तो थेट फ्लोअरला. वळण घेताच आलं नाही, गाडी सरळ जाऊन खडीत रुतली. नशीब, पुढं जागा मोकळी होती. लाल झेंडा लागला, सगळ्यांचं सेशन थांबलं, गाडी ओढून आणावी लागली. ओढायचा हूकसुद्धा घरी राहिलेला.

तासाभरानं तो माझ्याकडं आला. चेहरा खुललेला.

"काका, पेडल परत आलंय की! आता एकदम कडक हाय. शेवटचं सेशन करू का?"

"न्हाई. आधी चाक काढ."

"अवो पण ब्रेक लागालेत की."

"लागणारच. थंड झालं म्हणून लागालेत. पाणी गेलंय कुठं?"

मला राग आला तो इथं. पेडल परत येणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. वाफ गार झाली, पुन्हा द्रव झाला, एवढंच. ऑइल तेच, पाणी तेच, आणि पुढच्या खेपेला ते आणखी लवकर उकळणार. हीच पोरं उद्यमबागेत मोजमापाचा व्हर्नियर कॅलिपर आणि मायक्रोमीटर घेऊन उभी असतात, थोड्या मायक्रॉनसाठी जॉब बाजूला काढतात. स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मात्र "चालतंय की". हे मला अजून पटलेलं नाही.

मग पॅडॉकमध्येच, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या जागेत, बसून जुनं ऑइल काढून नवं भरायचं काम केलं. ते कसं करायचं ते नीट बघून घ्या, कारण इथंही घाईनं घोळ होतो. चाक काढलं की कॅलिपरच्या मागं रबरी टोपीखाली निप्पल, म्हणजे ऑइल बाहेर सोडायचा छोटा पोकळ स्क्रू, दिसतो. त्यावर आधी रिंग पाना चढवायचा, मग पारदर्शक नळी. सलाईनची नळीही चालते. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ताज्या ऑइलमध्ये बुडालेलं पाहिजे. एकानं आत बसून पेडल दाबायचं आणि तोंडानं सांगायचं, "दाबलं." खालच्यानं निप्पल पाव आटा सोडायचा. ऑइल येतं, बुडबुडे येतात. निप्पल आवळायचा आणि मग "सोड" म्हणायचं. आवळण्याआधी आतल्यानं पाय उचलला तर हवा उलट आत ओढली जाते आणि सगळी मेहनत पाण्यात. त्या दिवशी पहिल्यांदा जे बाहेर आलं ते मळकट, काळपट होतं. स्वच्छ, फिकट ऑइल यायला बराच वेळ गेला. चारी चाकांचा क्रम गाडीगाडीत वेगळा असतो, तो मॅन्युअलमध्ये बघा. बॉनेटखालची टाकी किमान खुणेच्या खाली जाऊ देऊ नका. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढायला बऱ्याच गाड्यांना स्कॅनर लागतो, आणि तो पॅडॉकमध्ये मिळत नाही. ऑइल सीलबंद डब्यातलंच घ्या. मागच्या वर्षी फोडलेला अर्धा डबा टाकून द्या, त्यात जीव अडकवू नका. रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, नाहीतर रंग उचलतो.

पॅडचं एकच सांगतो: निम्म्याहून कमी उरले असतील तर जायच्या आधी बदला, पण आदल्या रात्री नव्हे. नवे पॅड डिस्कवर बसायला वेळ द्यावा लागतो.

पेडल नरम झालं तर ऑइल उकळलं. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, वास येतोय, तर पॅड तापले. दोन्ही वेळी उपाय तोच: वेग कमी करा, हात वर करून मागच्याला कळवा, एक लॅप ब्रेकला हात न लावता हळू फिरा आणि बाहेर या. प्रत्येक सेशनचा शेवटचा लॅप असाच काढायचा, त्रास असो नसो. उभी करताना हँडब्रेक ओढू नका. मागचे लायनर तापलेल्या ड्रमला चिकटून बसतात. पहिला गिअर टाका आणि चाकाला लाकडी गुटका लावा. माझ्या डिकीत दोन कायम असतात. फाउंड्रीतल्या कुणाशी ओळख असेल तर तापमान मोजायची गन एक दिवसासाठी मागून घ्या. पुढच्या दोन डिस्कमध्ये मोठा फरक दिसला तर एक कॅलिपर अडकतोय असं समजा.

घाटातली सवय ट्रॅकवर आणणं

"चोर्ला घाटात माझा हात बसलाय" असं कुणी म्हटलं की मला धडकी भरते. घाटात समोरून लाल बस येते, दुचाकीवर मागं बाई-पोर बसलेली असतात, वळणापलीकडचं काही दिसत नाही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते चूकच असतं.

शिवाय घाटात लागणारी सवय ट्रॅकवर उलटते. घाटात चाळीस-पन्नासच्या वेगात वळणामध्येच ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला तर काही बिघडत नाही. ट्रॅकवर टायर पकडीच्या टोकाला असतात. तिथं पाय झटकन उचलला की सगळं वजन पुढं येतं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट बाहेर निघते. आपल्या छोट्या गाड्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या. त्या आधी वळायला नकार देतात, नाक बाहेर जातं. घाबरलेला माणूस मग स्टीअरिंग आणखी पिळतो आणि पाय उचलतो. पुढच्या टायरना एकदम पकड मिळते, मागची सुटते, गाडी गरकन फिरते.

उपाय धीराचा आहे, म्हणून नवख्यांना तो आवडत नाही. ब्रेक सरळ रेषेत, चाक वळवायच्या आधी पूर्ण करा. वळणात थोडं हळू शिरा. नजर बॉनेटवर नको, जिथं बाहेर पडायचं तिथं ठेवा. नाक बाहेर जात असेल तर स्टीअरिंग पिळू नका, उलट किंचित सैल करा आणि ॲक्सिलरेटर अलगद कमी करा. गाडी फिरलीच तर क्लच आणि ब्रेक, दोन्ही पाय खाली.

यातली सगळ्यात धोक्याची वेळ म्हणजे वळणाच्या शेवटी दोन चाकं गवतात जाणं. तेव्हा झटका देऊन गाडी परत ट्रॅकवर आणायची नाही. चाकाला अचानक पकड मिळते आणि गाडी ट्रॅक ओलांडून पलीकडच्या बाजूला फेकली जाते, मागून येणाऱ्याच्या तोंडासमोर. स्टीअरिंग सरळ धरा, चारी चाकं गेली तरी जाऊ द्या, वेग मरू द्या. गवत लागल्यानं कुणाची लाज जात नाही.

ओळ, म्हणजे वळणातून गाडी न्यायची बरोबर रेषा, शिकायचीच असेल तर कोल्हापूरला कार्टिंगचा ट्रॅक आहे, निपाणीहून तर हाकेच्या अंतरावर. तिथं चार पैसे घाला. घाटात झिजवलेल्या पेट्रोलपेक्षा ते केव्हाही स्वस्त.

टायरची हवा

कुणीतरी सांगितलेलं असतं, "ट्रॅकवर हवा कमी ठेव." म्हणून पोरं गार टायरची हवा २४-२५ पीएसआयवर आणतात. साध्या टायरची बगल मऊ असते. वळणात ती दुमडते आणि खांदा घासून निघतो. कंपनीनं दरवाजाच्या पट्टीवर दिलेल्या आकड्यापासूनच सुरुवात करा. सेशननंतर लगेच मोजा. चार-सहा पीएसआय वाढलेली दिसेल. मग थोडी थोडी काढा. टायरच्या खांद्यावर खडूची रेघ मारून बघा, कुठपर्यंत पुसली जाते त्यावरून दुमडणं कळतं. स्वतःचा गेज ठेवा, पंपावरच्या आकड्यावर विसंबू नका. टायरवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. खाच खोल दिसते म्हणून सहा-सात वर्षांचा टायर नेऊ नका.

बाकीच्या, थोडक्यात

पायातलं मॅट काढा. पाण्याची बाटली, चार्जर, स्टेपनीचे पाने, देवाची सुटी मूर्तीसुद्धा, सगळं गाडीबाहेर. ओढायचा हूक मात्र पुढं लावून ठेवा. चाकाचे नट टॉर्क रेंचनं मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळा, पहिल्या सेशननंतर पुन्हा तपासा. पायानं पाना दाबून आवळणं बंद करा. इंजिन ऑइल वरच्या खुणेच्या जवळ असू द्या, पण वर नको. पेट्रोल अर्ध्या टाकीच्या खाली गेलं की लांब वळणात पंपाला ते मिळेनासं होऊ शकतं आणि इंजिन अडखळतं. सीट पुढं घ्या: पाठ टेकलेली असताना मनगट स्टीअरिंगच्या वर टेकलं पाहिजे. झेंडे पाठ करून या. पिवळा असताना ओव्हरटेक नाही, निळा म्हणजे मागच्याला वाट द्या.

विम्याचं आधीच घरी सांगून ठेवा. नेहमीच्या मोटार पॉलिसीत शर्यत आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात, आपली पॉलिसी काढून तो मजकूर वाचा. जो खर्च झेपणार नाही तो धोका घेऊ नका.

आणि पहिल्याच सेशनला मोबाइलवर लॅप टायमर लावणाऱ्यांनी तो घरीच ठेवावा. पहिलं सेशन ट्रॅक बघायला, दुसरं ब्रेकच्या जागा ठरवायला. वर्षानुवर्षं चालवणारी माणसंसुद्धा सकाळी हळूच फिरतात. नवखा मात्र दुसऱ्या लॅपला जीव काढतो.

त्याच संध्याकाळी परतीला निघणं

दिवसभर हेल्मेट घालून उन्हात चालवल्यावर माणूस थकलेला असतो, आणि कान-डोळे अजून ट्रॅकच्या वेगात असतात. तेव्हा ८०० किलोमीटरचा रस्ता धरायचा नाही. मुक्काम करा. सकाळी टायर गार असताना हवा पुन्हा कंपनीच्या आकड्याला आणा, कारण काल तुम्ही ती काढलेली आहे. नट तपासा, पॅडची जाडी चाकाच्या फटीतून बॅटरी मारून बघा, ब्रेक ऑइलची पातळी बघा, पेडल दाबून धरा आणि ते हळूहळू खाली जातंय का बघा. गळीत हंगाम असेल तर संकेश्वर, चिकोडीकडच्यांनी दिवसाउजेडीच घर गाठायच्या बेतानं निघा. रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मागचा दिवा नसतानाच रस्त्यावर असतात, आणि तिथं ब्रेक एकाच दाबात लागावा लागतो. पॅड संपत आले असतील तर निघूच नका. त्याच गावात नवे बसवून घ्या आणि एक दिवस रजा वाढवा.