पावसाळी ट्रेकचे फोटो गिंपमध्ये कसे सुधारायचे (आणि पोपटी होण्यापासून कसे वाचवायचे)

जून ते सप्टेंबर ग्रुपवर सह्याद्रीचे फोटो धो धो कोसळत असतात आणि त्यातले बरेचसे पोपटी असतात, म्हणजे डोंगर पोपटी, गवत पोपटी, कड्याजवळ हात पसरून उभा असलेला मित्र पण जरासा पोपटीच. होतं काय की ढगाळ उजेडात फोटो मळकट येतो आणि आपला हात पहिल्यांदा सॅच्युरेशनच्या, म्हणजे रंग भडक करायच्या, स्लायडरवर जातो. पण रंग कमी नसतोच हो, धुकं आणि बाष्प यामुळे फोटोतलं गडद आणि उजळ यांच्यातलं अंतर कमी झालेलं असतं. ते नीट केलं की रंग आपोआप वर येतो.

मी इथे गिंप हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर धरून सांगतोय कारण ते फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं. मार्च 2025 मध्ये त्याची 3.0 आवृत्ती आली, तेव्हापासून बरेचसे फिल्टर लावून झाल्यावरही बदलता येतात, लेयरच्या (फोटोतले एकावर एक ठेवलेले थर) नावाशेजारी एफएक्स असं दिसतं तिथे क्लिक करायचं. बाकी फोटोशॉप वापरणाऱ्यांनी पण वाचा, नावं थोडी इकडेतिकडे, काम तेच.

आधी फोटो सरळ करा. मेझर टूल घेऊन जी रेघ आडवी किंवा उभी असायलाच हवी तिच्यावर ओढा आणि स्ट्रेटन दाबा. मात्र डोंगराची धार धरू नका, ती तिरकीच असते, समोरून दिसणारी धरणाच्या पाण्याची रेघ किंवा देवळाचा खांब धरा. मग क्रॉप. लेन्सवरचे पावसाचे थेंब हील टूलने काढायचे, कंट्रोल दाबून जवळच्या स्वच्छ जागेवर क्लिक आणि मग थेंबावर ब्रश. थेंब चेहऱ्यावर आला असेल तर सोडून द्या, दुसरा फोटो निवडा.

आता मुख्य काम. कलर्समध्ये लेव्हल्स उघडा. तिथे फोटोत गडद-उजळ किती आहे याचा जो आलेख दिसतो तो पावसाळी फोटोत मधेच गोळा झालेला असतो, दोन्ही टोकं रिकामी. डावीकडचा काळा त्रिकोण आलेख जिथे सुरू होतो तिथपर्यंत आत आणा, उजवीकडचा पांढरा पण, पण तो जरा अलीकडेच थांबवा कारण ढगातला तपशील एकदा पांढराफटक झाला की गेला. एवढ्यानेच फोटोवरची जळमटं उतरल्यासारखी वाटतात. आणि हो, कोकणकड्यावर नुसतं धुकंच धुकं असा फोटो असेल तर हे करूच नका! त्या फोटोत काळं नसतंच, ओढून ताणून आणलंत तर धुकं जाऊन धूर दिसायला लागतो.

आकाश फिकं असेल तर एक युक्ती आहे. लेयरची डुप्लिकेट करा, तिचा मोड मल्टिप्लाय (यात फोटो गडद होतो), मग लेयरवर राइट क्लिक करून पांढरा लेयर मास्क जोडा (मास्क काळा असतो तिथे लेयर झाकला जातो) आणि मास्कवर ग्रेडियंट, म्हणजे हळूहळू बदलणारी छटा, असा ओढा की खाली काळा, वर पांढरा. जमीन होती तशी राहते आणि ढग गडद होतात. जास्त वाटलं तर त्या लेयरची ओपॅसिटी, म्हणजे दाटपणा, पन्नासवर आणा, बहुतेक वेळा जास्तच वाटतं.

इतकं करूनही हिरवा अंगावर येत असेल तर ह्यू-सॅच्युरेशनमध्ये जा, पण तिथे हिरवा निवडून फारसा फरक पडत नाही आणि लोक वैतागतात. गवताचा हिरवा सॉफ्टवेअरच्या लेखी बराचसा पिवळा असतो, म्हणून पिवळा निवडून सॅच्युरेशन उणे 10 ते 20 करून बघा. कास पठारावरच्या फुलांचे फोटो असतील तर हा उपाय फार कामाचा, कारण मागचं गवत शांत झालं की सीतेची आसवं या फुलाचा निळा-जांभळा हात न लावता उठून दिसतो.

मग दाखवायची तयारी. काम चालू असताना एक्ससीएफमध्ये (गिंपची स्वतःची फाइल) सेव्ह करा, जेपेग सगळ्यात शेवटी आणि एकदाच, कारण दरवेळी सेव्ह करताना जेपेग थोडा खराब होत जातो. नेटवर टाकायला लांब बाजू 1600 ते 2000 पिक्सेल पुष्कळ झाली. शार्पन नेहमी आकार लहान केल्यानंतर, त्यासाठीच्या अनशार्प मास्क फिल्टरचा रेडियस 1 च्या आत. बॉर्डर हवी तर फिल्टर्समध्ये डेकोर, त्यात अॅड बॉर्डर, पण तिथला डेल्टा शून्य करा नाहीतर चारही बाजू वेगवेगळ्या छटांच्या होऊन लग्नाच्या अल्बमची चौकट तयार होते. नाव टाकायचं तर कोपऱ्यात, बारीक. फोटोच्या मधोमध कॉपीराइट लिहिलं की डोंगर राहतो बाजूला आणि तेवढंच दिसतं. देवनागरीसाठी मुक्त फॉन्ट छान आहेत, उदाहरणार्थ मुक्ता. गिंपमध्ये वेलांट्या-जोडाक्षरं नीट येतात, फोटोशॉपमध्ये तुटत असतील तर वर्ल्ड-रेडी लेआउट चालू करा.

एक्स्पोर्ट करताना एक्झिफ, म्हणजे फोटोच्या फाइलमध्ये लपलेली माहिती, सेव्ह करायचं का असं विचारतं. फोनच्या फोटोत त्यात जागेचे अक्षांश-रेखांश पण असतात. घरट्याचा किंवा दुर्मिळ फुलाचा फोटो असेल तर ती खूण काढा, नाहीतर पुढच्या रविवारी तिथे गर्दी झालीच म्हणून समजा.

आणि कृपा करून एकाच धबधब्याचे नऊ फोटो टाकू नका. एक लांबून, एक जवळून, एक माणसासकट, बास.

प्रिंट काढणार असाल तर लहान केलेली फाइल देऊ नका. 300 डीपीआय (दर इंचाला 300 ठिपके) धरलं तर 4 बाय 6 इंचाला 1200 बाय 1800 पिक्सेल लागतात आणि 12 बाय 18 ला 3600 बाय 5400. फोनचा फोटो सहसा 4:3 असतो, 4 बाय 6 चा कागद 3:2, म्हणजे लॅबवाला वरून नाहीतर खालून कापणारच, त्यापेक्षा आधीच घरी 3:2 ला क्रॉप करून न्या. फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि लॅबवाल्याला ऑटो करेक्शन बंद ठेव असं सांगायला विसरू नका, नाहीतर त्याचं मशीन सगळं परत पोपटी करून देतं.