क्लिअरन्सच्या फॉर्मवर कर्ज लपवू नका, जामीनकीसुद्धा

अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं की व्हर्जिनिया-मेरीलँडकडच्या आपल्या मंडळींना डिफेन्स कंत्राटदारांच्या नोकऱ्या खुणावू लागतात. त्यासाठी क्लिअरन्स, म्हणजे सरकारची गुप्त माहिती हाताळायची परवानगी लागते. (ग्रीन कार्डवर ती मिळत नाही. स्वतःहून अर्जही करता येत नाही, कंपनीनेच नाव पाठवावं लागतं.) मी अशाच एका लहान कंपनीत ही कागदपत्रं बघतो. नवीन माणसं विचारतात ते भारतातल्या आईवडिलांबद्दल, भावाबहिणींबद्दल. उधारीचं कोणी काढत नाही. खरं तर क्लिअरन्स अडण्याच्या कारणांत पैशाचं कारण कायम वरच्या नंबरात असतं.

क्लिअरन्स द्यायचं की नाही हे ठरवणाऱ्या, २०१७पासून लागू असलेल्या सरकारी निर्देशात ए ते एम अशा १३ कसोट्या आहेत. एफ पैशाची, ई वागणुकीची. कर्जबाजारी माणूस पैशासाठी फितूर होईल, एवढीच भीती असते असं लोकांना वाटतं. पण त्याहून साधा प्रश्न असतो: ज्याला स्वतःचे हप्ते वेळेवर भरता येत नाहीत, तो नियम पाळेल का?

एसएफ-८६ या क्लिअरन्सच्या फॉर्मचा २६वा विभाग नीट वाचा. गेल्या सात वर्षांत १२० दिवसांपेक्षा जास्त थकलेलं देणं, दिवाळखोरी, न भरलेला टॅक्स, कलेक्शनला, म्हणजे वसुली कंपनीकडे गेलेलं खातं, सगळं त्यात येतं. आणि तुम्ही जामीनदार असलेलं कर्जही. आपली माणसं अडकतात ती इथे. चुलतभावाच्या ट्रॅक्टरसाठी पतसंस्थेत सही केली, त्याने हप्ते थकवले, तुम्ही इकडे निघून आलात. अमेरिकन क्रेडिट रिपोर्टमध्ये ते दिसत नाही, मग ‘त्यांना कुठून कळणार?’ असा सल्ला देणारे भेटतातच. त्यांचं ऐकू नका. एनआरई ठेवींचं व्याजही तसंच. भारतात करमुक्त असलं तरी इथे ते उत्पन्नात दाखवावं लागतं. परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्मही भरावा लागतो.

थकलेल्या कर्जाला उत्तर असतं. नोकरी गेली, आजारपण आलं, घटस्फोट झाला, हे नियमांतच मान्य आहे. फक्त त्या काळात तुम्ही जबाबदारीने वागलात हे दिसायला हवं. मुद्दाम खोटं लिहिलं तर एफच्या जोडीला ई लागतं, शिवाय तो फेडरल गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैदेचा. एखादं हॉस्पिटलचं बिल खरंच विसरलात तर तो खोटेपणा धरत नाहीत.

मुलाखतीत चौकशी अधिकारी बहुतेक वेळा आधी मोघमच विचारतो, ‘काही थकबाकी?’ क्रेडिट रिपोर्ट त्याच्याजवळ असतो, पण तो लगेच पुढे करत नाही. फॉर्ममध्ये राहून गेलेलं असेल तर सांगायची वेळ हीच. कागद समोर आल्यावर ‘हां, ते राहिलंच’ म्हणण्याला फारशी किंमत उरत नाही.

फॉर्म भरण्याआधी इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन क्रेडिट कंपन्यांचे रिपोर्ट काढा, फुकट मिळतात. प्रत्येक थकीत खात्याला फोन करून हप्ता ठरवा. हप्ता छोटा चालेल, पण चुकवू नका आणि पावत्या जपून ठेवा. बँकेने खातं ‘चार्ज ऑफ’ केलं, म्हणजे आपल्या हिशेबात बुडीत धरलं, की कर्ज माफ झालं, हा गोड गैरसमज आहे. सात वर्षांनी नोंद रिपोर्टमधून गळते म्हणून वाट बघत बसणंही कामाला येत नाही.

तरीही एसओआर, म्हणजे आक्षेपांची नोटीस आलीच, तर कंत्राटदाराच्या माणसाला उत्तराला २० दिवस असतात. तोवर थांबायचं कशाला? अशा सुनावण्या घेणाऱ्या, संरक्षण खात्याच्या डोहा (DOHA) नावाच्या कार्यालयाचे निकाल नावं काढून इंटरनेटवर टाकलेले असतात. आठ-दहा वाचून काढा. वाचताना डॉलरच्या आकड्यांत गुंतू नका, तारखा बघा: एसओआर कधी आली, आणि पहिला हप्ता कधी भरला.