रिसर्च पेपर उघडला आणि साइट पैसे मागतेय? आधी हे करून बघा

वरचा सारांश दिसतो, आणि खाली बटण, पूर्ण हवा तर पैसे भरा. थांबा, लगेच कार्ड काढू नका.

ऑनलाइन माहिती फुकट असावी का यावर लोक तावातावाने भांडतात, पण मी एकच बघतो, आपण भरलेला पैसा जातो कोणाला. पेपर लिहिणाऱ्याला जर्नल सहसा दमडीही देत नाही, छापण्याआधी तो तपासून देणारे तज्ज्ञही बहुतेक फुकटच राबतात, आणि संशोधनाचा खर्च बऱ्याचदा सरकारी म्हणजे लोकांच्याच पैशातून झालेला असतो. म्हणून इथे फुकट शोधायला मला काहीच वाटत नाही.

तर पेपरचं पूर्ण नाव कॉपी करून गूगल स्कॉलरमध्ये (गूगलचं रिसर्च पेपर शोधायचं सर्च) टाका, उजवीकडे पीडीएफ दिसली तर झालं काम, नाहीतर खाली 'ऑल व्हर्जन्स' असतं तिथे जा, कारण कितीतरी लेखक स्वतःच्या किंवा युनिव्हर्सिटीच्या पेजवर एक प्रत ठेवतातच. ब्राउझरमध्ये अनपेवॉल (Unpaywall) नावाचं एक्स्टेंशन टाकून ठेवा, कायदेशीर फुकट प्रत सापडली की कडेला हिरवं कुलूप येतं. फिजिक्स, गणित, कॉम्प्युटरवालं असेल तर थेट आर्काइव्ह (arXiv, पेपर फुकट वाचायची साइट, 1991 पासून चालू आहे), मेडिकल असेल तर पबमेड सेंट्रल. फक्त एक, आर्काइव्हवरचे पेपर बरेचदा तपासणीआधीचे असतात, त्यामुळे कुठे दाखला द्यायचा असेल तर छापील आवृत्तीत काही बदललंय का ते बघा.

काहीच नाही मिळालं तर लेखकाला सरळ मेल टाका. पत्ता सारांशाच्या पानावर बहुतेक सापडतो. मी कोण, हा पेपर कशाला हवाय, दोन ओळी बास, मोठं पुराण नको. आपलं काम कोणीतरी वाचतंय म्हटल्यावर लोक खुशीने पाठवतात.

(ओपन ॲक्सेस जर्नल, म्हणजे ज्यातले पेपर कोणालाही फुकट वाचता येतात, तिथेही खर्च गायब असं नाही हां, कितीतरी ठिकाणी तो लेखकाकडून किंवा त्याच्या संस्थेकडून घेतात.)

बातम्यांना मात्र हा हिशोब लावू नका, तिथे रिपोर्टरचा पगार त्याच पैशातून निघतो. रोज वाचता असं एक निवडा आणि भरा, बाकीचे लायब्ररीच्या लॉगिनवर मिळतात का विचारा. आणि पहिला महिना स्वस्तात असेल तर ऑटो-रिन्यूची तारीख आधी कॅलेंडरमध्ये टाका, मी दोनदा विसरलोय.