आकाशगंगेच्या तबकडीचा इतिहास ताऱ्यांवरून वाचताय? या चुका टाळा

वैशाखात रात्री जेवणं उरकून गच्चीवर गेलात की स्वातीचा नारिंगी तारा जवळजवळ डोक्यावर दिसतो. आपल्यापासून अवघ्या ३७ प्रकाशवर्षांवर, म्हणजे अगदी शेजारी. पण त्याच्यात लोखंडाचं प्रमाण सूर्याच्या जेमतेम एक तृतीयांश आहे आणि आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरताना तो सूर्यापेक्षा सेकंदाला शंभरहून अधिक किलोमीटरनं मागे पडतो. शेजारी आहे म्हणून त्याला सूर्याच्याच कुळातला समजू नका.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ‘लोखंड कमी, म्हणजे तारा म्हातारा’ या समजुतीनं. आकाशगंगेच्या तबकडीच्या, म्हणजे तिच्या चपट्या चकतीच्या, बाहेरच्या भागात तरुण ताऱ्यांतही लोखंड कमीच असतं. पाहायचं ते मॅग्नेशियम आणि लोखंड यांचं गुणोत्तर. जड तारे काही कोटी वर्षांतच फुटतात आणि ऑक्सिजन, मॅग्नेशियम उधळतात. श्वेतबटूंचे, म्हणजे विझलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या घट्ट गाभ्यांचे, स्फोट बरेच उशिरा सुरू होतात, पण लोखंड भरभरून देतात. स्वातीत हे गुणोत्तर सूर्याच्या सुमारे दुप्पट आहे. ज्या वायूतून तो बनला, त्यात श्वेतबटूंचं लोखंड पुरेसं मिसळण्याआधीच तो जन्मला. जाड तबकडीची, म्हणजे चकतीतल्या म्हाताऱ्या ताऱ्यांच्या जाडसर थराची, हीच खूण. मात्र स्वातीची चकतीच्या वर-खाली होण्याची गती अगदी मंद आहे. नुसती तीच पाहणारा त्याला पातळ तबकडीत, म्हणजे सूर्य आहे त्या पातळ थरात, टाकून मोकळा होईल! म्हणून रसायन आणि गती एकत्रच वाचा.

ताऱ्यांची स्थानं आणि अंतरं मोजणाऱ्या गाया या अवकाश दुर्बिणीच्या यादीत स्वाती सापडला नाही, तर तुमचा शोध चुकलेला नाही. तिच्यासाठी तो फारच तेजस्वी होता. त्याच्यासाठी हिपार्कस या जुन्या उपग्रहाची मोजमापं घ्या.

अंतर काढताना लंबनाचा (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा जेवढा सरकल्यासारखा दिसतो, त्या कोनाचा) सरळ व्यस्त, म्हणजे एक भागिले लंबन, घेणं दूरच्या ताऱ्यांना महागात पडतं. समजा लंबन ०.२ मिलिआर्कसेकंद (कोनाचं अतिशय सूक्ष्म एकक) आणि त्रुटी ०.१ आहे. उत्तर ५,००० पारसेक (एक पारसेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं) येईल, पण तारा ३,३०० वर असू शकतो किंवा १०,००० वरही. अंतर चुकलं की वेग चुकला, आणि कक्षाही. लंबन उणे आलं म्हणून यादीतली ती ओळ उडवू नका. तो मोजमापातला गोंगाट आहे. अशा ओळी गाळल्या की उरलेला नमुना एकीकडे झुकतो. यादीतला आरयूडब्ल्यूई हा आकडा (एकटा तारा धरून केलेलं गणित मोजमापांशी किती जुळतं, ते सांगणारा) १.४ च्या वर असेल, तर तो जोडतारा असण्याची शंका घ्या.

तारा आज जिथे आहे तिथेच जन्मला, हेही गृहीत धरू नका. सूर्याच्या आसपास त्याच्या दुप्पट लोखंडाचे वयस्कर तारे सापडतात. इथला वायू तेव्हा इतका समृद्ध नव्हताच. सर्पिल भुजांच्या ओढीनं तारे आतून बाहेर सरकतात, तरी त्यांची कक्षा जवळपास वर्तुळाकारच राहते. २००२ साली सेलवुड आणि बिनी या खगोलशास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलं. त्यामुळे नुसत्या कक्षेवरून हे स्थलांतर ओळखू येत नाही, तिथे रसायनच कामी येतं.

आणि मॅग्नेशियम भरपूर, पण वस्तुमान जास्त म्हणून वय कमी वाटतं, असा लाल राक्षसी तारा दिसला तर घाईनं नवा सिद्धांत मांडू नका. आधी जोडीदार शोधा. जोडीदाराचं द्रव्य ओढून जड झालेला म्हातारा तारा तरुण भासतो.