दोन गावांतला क्लस्टर : या चुका टाळा

पणजी आणि मडगाव येथे एकेक सर्व्हर ठेवून क्लस्टर (एक बंद पडला तर दुसऱ्याने काम उचलावे अशी सर्व्हरांची जोडणी) उभा केला की काम कधीच बंद पडणार नाही, या समजुतीचे परिणाम मला दर पावसाळ्यात निस्तरावे लागतात. प्रत्येक नोडाला, म्हणजे सर्व्हरला, एक मत; दोन नोडांत काम चालू ठेवायला लागणारे बहुमत म्हणजे दोन मते. मधली फायबर तुटली की प्रत्येकाकडे एकच मत उरते आणि नियमाने दोघांनीही थांबायला हवे. घाईच्या माणसाला हे थांबणे बघवत नाही, म्हणून तो पेसमेकर या क्लस्टर सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला कोरमकडे, म्हणजे बहुमताच्या या अटीकडे, दुर्लक्ष करायला सांगतो, फेन्सिंग (प्रतिसाद न देणारा सर्व्हर सक्तीने बंद करण्याची सोय) बंद करतो आणि निश्चिंत मनाने घरी जातो.

एका व्यापाऱ्याकडे असेच करून ठेवले होते. वेर्ण्याजवळ रस्ता खोदताना जेसीबीने फायबर तोडली, दोन्ही सर्व्हरांनी दुसरा मेला असे मानून डेटाबेस चालू ठेवला आणि संध्याकाळपर्यंत एकाच क्रमांकाची बिले दोन्ही दुकानांतून निरनिराळ्या गिऱ्हाइकांना गेली. जोडणी परत आल्यावर डीआरबीडीने (दोन सर्व्हरांच्या डिस्क सारख्या ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरने) स्प्लिट ब्रेन, म्हणजे दोन्हीकडे स्वतंत्र लेखन झाल्याचे, ओळखून दोन प्रती आपणहून जुळवण्यास नकार दिला, आणि ते योग्यच होते. कागदी बिले हातात घेऊन आम्ही दोन रात्री नोंदी लावल्या. यापुढे बरोबरी मोडणारे तिसरे मत ठेवा, असे सांगितले, तर त्यांच्या माणसाने ते पणजीच्याच सर्व्हरवरील व्हर्च्युअल मशीनमध्ये (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या यंत्रात) बसवले. म्हणजे तो सर्व्हर बंद पडला की दोन मते एकदम गेली! मी ते म्हापशासारख्या तिसऱ्या जागी, वेगळ्या वाटेच्या जोडणीवर ठेवतो. दुसरा सर्व्हर बंद करण्याची आज्ञा त्याच तुटलेल्या फायबरमधून जाणार नाही, हेही पाहतो आणि काम हाती सोपवण्याआधी चाचणी म्हणून केबल स्वतः उपटतो.

अंतराचेही भान हवे. फायबरमधून १०० किलोमीटर जाऊन परत यायला सुमारे १ मिलिसेकंद लागतो, त्यामुळे मडगावपर्यंत चालणारे सिंक्रोनस लेखन (दोन्हीकडे नोंद झाल्यावरच पुढे जाणारे) मुंबईपर्यंत ताणले की प्रत्येक नोंद अडखळते.

अशा एकाच यंत्रावर व्हर्च्युअल मशीनमधून विंडोज आणि लिनक्स चालवताना विंडोजला डिस्क दिसत नसेल, तर आधी व्हर्टिओ ड्रायव्हर (व्हर्च्युअल डिस्क ओळखायला लागणारा) द्या. विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे असेल, तर ते रोज हाताने पुढे करू नका : विंडोज यंत्राच्या घड्याळाला स्थानिक वेळ समजते, लिनक्स बहुधा यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). व्हर्च्युअल मशीनच्या मांडणीत विंडोजपुरती स्थानिक वेळ लावावी. पाच मिनिटांहून अधिक फरक पडला, तर कर्बेरॉस (ओळख पटवताना वेळही तपासणारी व्यवस्था) लॉगिन नाकारतो आणि दोष मात्र पासवर्डला दिला जातो.