साहेबांचं बोलणं साहेबांचंच राहू द्या: लिंक्डइनसाठी लिहू पाहणाऱ्यांना

गोव्यात राहून मोठ्या अधिकाऱ्यांसाठी, त्यांच्या नावानं लिंक्डइनवरच्या पोस्ट लिहायचं काम करता येतं का, असं पत्रकारिता शिकलेली मुलं-मुली मला नेहमी विचारतात. येतं. वेर्णा आणि कुंडईच्या वसाहतींतले कारखाना प्रमुख, पणजीतले हॉटेलवाले, वास्कोकडचे जहाजबांधणीतले अधिकारी, सगळ्यांनाच लिंक्डइनवर काहीतरी सांगायचं असतं. दिवस मात्र बैठकांत जातो. शिवाय इथून शिकून पुण्याला-बंगळुरूला गेलेल्या पोरांना गोव्यात चांगलं काम चालतं हे कळायला हवं असेल, तर ते काम करणाऱ्या माणसानंच बोललं पाहिजे. म्हणून मला हा व्यवसाय मनापासून महत्त्वाचा वाटतो.

नव्यानं येणाऱ्यांचा समज असतो की इथे लिहिता येणं पुरेसं आहे. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त काम विचारण्याचं आणि ऐकण्याचं आहे. एक उदाहरण जरा सविस्तर सांगते.

वेर्ण्यातल्या एका औषध कारखान्याच्या प्रमुखांकडे ऑडिटबद्दल, म्हणजे कारखान्याच्या गुणवत्ता तपासणीबद्दल, जनसंपर्क विभागाचा तयार मजकूर आला होता. ‘आमच्या टीमच्या अथक परिश्रमांमुळे ऑडिट यशस्वीरीत्या पार पडले, याचा अभिमान वाटतो.’ हे वाक्य देशातल्या कुठल्याही कारखान्याला चिकटवता आलं असतं. मी त्यांना एवढंच विचारलं, “सर, आदल्या रात्री तुम्ही कुठे होता?” ते म्हणाले, “पॅकिंगमध्ये. एका पोराकडून लॉगबुकात आकडा चुकला होता. आमच्याकडे खोडायचं नसतं. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. त्यानं तसंच केलं आणि स्वतःहून मला आणून दाखवलं. मी त्याला सगळ्यांसमोर शाबासकी दिली.”

पोस्ट तिथेच तयार झाली होती. माझं काम उरलं ते छाटण्याचं. मसुदा गुणवत्ता विभागाच्या प्रमुखांकडे गेला, त्यांनी ऑडिटचा उल्लेख काढायला सांगितला, आणि तो काढल्यावर मजकूर उलट जास्त चांगला झाला. एक आडवी रेघ आणि चूक लपवायची गरज न वाटलेला मुलगा, एवढंच राहिलं. खाली दुसऱ्या शहरांतल्या औषध कंपन्यांतली माणसं आपापल्या लॉगबुकांबद्दल लिहू लागली. त्यांना उत्तरं सरांनी स्वतः दिली.

हे शेवटचं वाक्य नीट वाचा. मसुदा मी लिहिते, पण त्यांच्या नावानं प्रतिक्रिया मी कधीही लिहीत नाही. पोस्टमागे त्यांचं बोलणं असतं, त्यांनी ती वाचून मान्य केलेली असते. समोरचा माणूस प्रतिक्रियेत प्रश्न विचारतो तेव्हा त्याला वाटतं की आपण त्यांच्याशी बोलतोय. तिथे मी उत्तर दिलं तर ती सरळ फसवणूक आहे. वेळ नाही म्हणणाऱ्या साहेबांना मी सांगते की पोस्ट कमी टाका, पण टाकली त्या दिवशी चहाच्या वेळात पाच उत्तरं तुम्हीच द्या. दुसऱ्यांच्या पोस्टवरही ‘अभिनंदन’ लिहून सुटू नका. आपल्या कामातला एक अनुभव दोन ओळींत लिहा. तिथे १,२५० अक्षरांची मर्यादा आहे, दोन ओळींना ती भरपूर झाली.

पासवर्डही घेऊ नका, कितीही विश्वासानं दिला तरी. लिंक्डइनच्या अटींनुसार खातं ज्याचं त्यानंच वापरायचं असतं. कंपनीच्या पानाला वेगवेगळे अ‍ॅडमिन नेमता येतात, व्यक्तीच्या प्रोफाइलला ती सोय नाही. आपोआप प्रतिक्रिया टाकणारी सॉफ्टवेअरं तर लिंक्डइनला मुळीच चालत नाहीत, खातं बंद होऊ शकतं. मी मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते, ते हवा तो शब्द बदलतात आणि स्वतः टाकतात. कुणी काहीच न बदलता टाकायला लागलं की मी फोन करून विचारते, वाचलंत ना?

त्यांचा आवाज मिळवायचा सोपा मार्ग म्हणजे व्हॉइस नोट. पूर्वी कुठ्ठाळीच्या कोंडीत गाडी अडकली की लांबलचक नोट यायच्या. डिसेंबर २०२२ मध्ये नव्या झुआरी पुलाची एक बाजू सुरू झाली, वर्षभरानं दुसरी, आणि ती हक्काची वेळ गेली. आता भेटीची वेळ मागून घ्यावी लागते. बोलताना ते मराठी, कोंकणी, इंग्रजी सगळं मिसळतात. अडवू नका. पोस्ट शेवटी बहुधा इंग्रजीतच जाते, पण माणूस इंग्रजी बोलायला लागला की प्रेझेंटेशन द्यायला लागतो. ‘तुमचं मत काय’ हा प्रश्न फुकट जातो. ‘गेल्या आठवड्यात कुणाला नाही म्हणालात?’ असं विचारून बघा.

आता धोक्याची बाजू. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर सेबीचे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचे, २०१५ चे इनसायडर ट्रेडिंगचे (आतली माहिती वापरून शेअर घेण्या-विकण्याबद्दलचे) नियम माहीत करून घ्या. तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन ४८ तास होईपर्यंत आतल्या माणसांसाठी शेअर व्यवहारांची खिडकी बंद असते, म्हणजे त्यांना कंपनीचे शेअर घेता-विकता येत नाहीत. या काळात ‘यंदाची तिमाही जोरात’ अशी उत्साही ओळसुद्धा महागात पडू शकते. मोठी ऑर्डर, नवा प्रकल्प, भागीदारी, यातलं शेअर बाजाराला आधी कळवल्याशिवाय काहीही बाहेर जाता कामा नये. शंका आली की मसुदा कंपनी सेक्रेटरींकडे, म्हणजे कंपनीच्या कायदेशीर बाबी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांकडे. फोटोही झूम करून बघा. हसऱ्या चेहऱ्यांच्या मागे फळ्यावर उत्पादनाचे आकडे असतात, एखाद्याच्या डोक्यावर हेल्मेट नसतं.

सुरुवातीला मोठ्या साहेबांच्या मागे लागू नका. म्हापशातला, फोंड्यातला एखादा लहान उद्योजक शोधा, त्याच्यासोबत काही महिने काम करा. गुप्ततेचा करार पहिल्या दिवशीच लेखी करा. कामाचे नमुने दाखवताना परवानगी नसेल तर ग्राहकाचं नाव घ्यायचं नाही, त्यामुळे स्वतःचं प्रोफाइल हाच तुमचा नमुना. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दिवसांत कुणाकडून उत्तराची अपेक्षा करू नका, त्या आठवड्याचं नियोजन आधीच उरकून ठेवा.

पैसे ठरवताना दर पोस्टमागे रक्कम मान्य करू नका. तसं केलं की सांगण्यासारखं काही नसतानाही पोस्ट पाडाव्या लागतात. महिन्याची ठरावीक रक्कम घ्या आणि त्यात दोन निवांत बैठका लिहून घ्या. बैठक रद्द झाली तर त्या पंधरवड्यात पोस्ट जाणार नाही, हेही करारातच असू द्या.